बिनफटीचा सांधा

पेरूहून परतलेल्या जयप्रकाशला कमवायचं होतं ते एवढंच: बायकोच्या तोंडून एक ‘वा’. पंचवीस वर्षांच्या संसारात या मालाची आवक तशी बेताचीच, आणि होती ती पतही तो कुस्कोच्या देवळात घालवून आला होता.

इंकांचं सूर्यमंदिर ते. चुना नाही, काही नाही. दगडाला दगड असा भिडलेला, की भिंत अखंड कातळातून सोलून काढल्यासारखी. त्याची बायको शर्मिला त्या भिंतीपुढे उभी होती, डोळे भरून आले होते. तेवढ्यात, पाइपांच्या फटी तपासण्यात हयात गेलेल्या आमच्या इंजिनिअरने व्हिजिटिंग कार्ड काढलं आणि दोन दगडांत खुपसून पाहिलं. पहारेकरी ओरडला. सगळे बघायला लागले.

“आत जातच नाही गं!” जयप्रकाश खुशीत म्हणाला.

“मग मी बाहेर जाते,” शर्मिला म्हणाली, आणि गेली.

कुवेतमधल्या सलव्याच्या घरी आल्यावर त्याने ठरवलं: स्वयंपाकघराच्या खिडकीचा फुटका कट्टा तसाच बिनफटीचा बांधायचा, तिच्यासाठी. संगमरवराच्या दोन पांढऱ्या लाद्या आणल्या आणि अब्बासभाईंना बोलावलं. हे संगमेश्वरचे, वीस वर्षं कुवेतमध्ये लाद्या बसवतात.

“साहेब, सिलिकॉन भरतो. दहा मिनिटांत मोकळे.”

“सिलिकॉन नाही. असं पाहिजे.”

अब्बासभाईंनी जयप्रकाशच्या मोबाइलवरचा त्या भिंतीचा फोटो बोटांनी मोठा केला आणि बराच वेळ पाहिला. “घासून बसवलंय हे. ठेवायचं, उचलायचं, टेकतंय तिथं घासायचं, परत ठेवायचं. आमचे अब्बा चिरे असे बसवायचे. पण साहेब, कंबर जाईल.”

“घासतो मी. तुम्ही फक्त शिकवा.”

“आणि माझं काय?”

“जेवण.”

“वहिनींच्या हातचं? मग कबूल.”

वहिनींना कुणी विचारलं नाही.

तीन शुक्रवार लागले. दगड कुठे टेकतो हे कळायला त्याच्या कडेला गेरू फासायचा असतो. गेरू घरात नव्हता. “कुंकू चालेल?” जयप्रकाशने विचारलं. अब्बासभाई म्हणाले, “लाल हाय ना? मग चालंल.” तो कुंकू फासायचा, लादी भिडवायचा, उचलायचा, डाग पडेल तिथं पाणी घालून घासायचा. अब्बासभाई खुर्चीतून म्हणायचे, “अजून, साहेब. इंका एवढ्यात जेवायला उठत नव्हते.” स्वतः मात्र सुरमईचं कालवण वाढलं की आधी उठायचे.

तिसऱ्या शुक्रवारी लाद्या बसल्या. जयप्रकाशने शर्मिलाला डोळे मिटायला लावून तिचं बोट कट्ट्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं.

“सांधा कुठंय?” त्याने विचारलं.

“लागला नाही रे.” ती पुन्हा एकदा बोट फिरवून थांबली. “वा.”

मग तिने डोळे उघडले. पांढऱ्या संगमरवरात, बरोबर मधोमध, वरपासून खालपर्यंत लालभडक रेघ! पुसलं की जाईल म्हणून त्या लालीकडे दोघांनीही लक्ष दिलं नव्हतं; पण पाण्यात भिजलेलं कुंकू दगड प्यायला होता. तीन शुक्रवार घासून लपवलेला सांधा आता हॉलमधूनही दिसत होता.

जयप्रकाशचा चेहरा पडला. अब्बासभाईंना एकदम चप्पल शोधायची आठवण झाली. शर्मिला मात्र कट्ट्याला टेकून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली, आणि हसता हसता तिने त्याचे फोड आलेले हात हातात घेतले.

“पुसू नकोस हं,” ती म्हणाली. “राहू दे तसंच.”

तर जमाखर्च असा: अब्बासभाईंना तीन जेवणं, जयप्रकाशला एक ‘वा’. जेवणं शर्मिलाने रांधली, नाशिकहून आणलेलं डबीभर कुंकू तिचंच गेलं, आणि तो ‘वा’ही तिनेच दिला.