गोलसमोरचा पिवळा डाग

उत्तरेकडच्या गोलसमोरचं गवत पिवळं पडायला लागलं, तेव्हा माळ्याला पहिला संशय आला तो जावयाचा.

मैदान माळ्याच्या हातचं होतं. कडेचा धावपट्टा, पूर्वेच्या स्टँडखालची जिम, तिला लागून पोहण्याचा तलाव, वरचा समारंभाचा हॉल, सगळ्याला वेगवेगळी माणसं. पण लोक येतात ते आपल्या गवतावरचा फुटबॉल बघायला, अशी त्याची पक्की समजूत. तलावावर जावई होता. त्याला चिकटवलाही सासऱ्यानेच.

माळ्याने डागाजवळची माती हुंगली. क्लोरीन! फिल्टर धुतलेलं पाणी गटारात सोडायचं असतं, आणि गटार स्टँडच्या पार पलीकडे. जावई जरा अंगचोरच. पाइप सरळ मैदानाकडे वळवत असणार. शिवाय हल्ली तो समोरून येताना दिसला की जिन्यात वळायचा. लेकीला विचारलं तर ती "दमतात हो ते" म्हणून विषय बदलायची. पाणी कुठेतरी मुरत होतं.

शेवटी तो मॅनेजरकडे गेला.

"साहेब, घरचाच माणूस आहे, म्हणून जीभ रेटत नाही. पण मैदानाची वाट लागतेय."

मॅनेजरला नवल वाटलं नाही. उलट त्याचा चेहरा उजळला. "बरं झालं सांगितलंत. आता कुणाजवळ बोलू नका. फायनल तोंडावर आहे, बोभाटा नको."

दुसऱ्या दिवशी जावयाला कामावरून घरी बसवलं. लेक तडक अवजारांच्या खोलीत आली.

"बाबा, तुम्ही काय सांगितलंत साहेबांना?"

"जे दिसलं ते."

"तलावाची लाइन जमिनीत फुटलीय. यांनी मागेच साहेबांना सांगितलं. 'फायनलपर्यंत तोंड उघडलंस तर नोकरी गेली' म्हणाले ते. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही थांबला असता? तेव्हाच गाव गोळा केला असता."

"नवऱ्याची बाजू घेणारच तू."

लेक निघून गेली. माळी मात्र बसल्या जागी अस्वस्थ झाला. मॅनेजरचा तो उजळलेला चेहरा त्याच्या डोळ्यांपुढून हलेना. पण लेकीवरही विश्वास बसेना. तलावाला कुलूप होतं, म्हणून तो शेजारच्या जिममध्ये शिरला. भिंतीवरचा मोठा आरसा जागेवर नव्हता. तलावाकडच्या भिंतीला, पार कोपऱ्यात, तिरका टेकवला होता.

"हा इथे कुणी आणला?" त्याने शिकवणाऱ्या बाईंना विचारलं.

"साहेबांनी. म्हणाले, इथे उजेड छान पडतो." बाई हसल्या. "आता व्यायाम करताना आरशात फक्त समोरचा खांब दिसतो."

दोघांनी मिळून आरसा सरकवला. मागे ताजं प्लास्टर होतं, आणि त्यातूनही ओल फुटली होती. माळ्याने हात लावला तर पापुद्रा तळहातावर आला. आत स्टँड पेलणाऱ्या खांबाचं लोखंड गंजून फुगलं होतं.

सकाळचा सराव चालू होता. माळी फावडं घेऊन थेट गोलसमोर गेला आणि खणायला लागला.

"अहो, वेड लागलं का तुम्हाला?" प्रशिक्षक ओरडत धावला. खेळाडू जमले. मॅनेजर वरच्या गॅलरीतून हातवारे करत होता. माळ्याने कुणाकडे बघितलं नाही. खड्डा गुडघाभर झाला तशी तळाशी चिखल बुडबुडला आणि पाणी खालून वर चढायला लागलं.

"हे फिल्टरचं नाही," तो म्हणाला. "हे स्टँडखालून येतंय. आणि स्टँडमध्ये फायनलला माणसं बसणार आहेत."

प्रशिक्षकाने तिथूनच फोन लावला. संध्याकाळपर्यंत इंजिनिअर येऊन गेले, पूर्वेचा स्टँड बंद झाला, फायनल दुसऱ्या शहरात गेली. मॅनेजरने सगळं जावयावर ढकलायचा प्रयत्न केला, पण आरशाबद्दल बाई ठामपणे बोलल्या. मॅनेजरला जावं लागलं. जावयाला परत बोलावलं.

माळी त्याच्या घरी गेला. दार जावयानेच उघडलं.

"जावईबापू, चुकलं माझं. भलताच संशय घेतला."

"संशयाचं काही नाही, मामा. तुमच्या जागी मीही घेतला असता." जावई दाराची कडी धरून उभा होता. "पण आधी माझ्याकडे यायचं होतं. एकदा शिव्या घालायच्या होत्या. तुम्ही त्यांच्याकडे गेलात."

आतून लेकीने विचारलं, "कोण आहे?"

"तुझे बाबा," जावई म्हणाला, आणि कडी सोडून दारातून बाजूला झाला.