सात नावांची पेटी

मित्रांनो, मला उचलता येत नाही आणि फळीवर ठेवताही येत नाही, तरी मी पेटीच आहे. संगणकाच्या पोटातली एक जुनी, कुलूपबंद पेटी. जाणकार मला जुन्या घडणीचा डेटाबेस म्हणतात. नारिन शहरातल्या हिमकडा इशारा केंद्रात, खिडकीखालच्या जुनाट यंत्रात माझे बिऱ्हाड आहे. थोड्याच वेळात मला पुसून टाकणार आहेत. वाईट वाटते, खोटे कशाला बोलू? पण मला पुसावे हे माझेही म्हणणे आहे, आणि ते का, हे सांगितल्याशिवाय मी जागची हलणार नाही.

माझ्या आत दोनच मोलाच्या वस्तू आहेत. एक ओळखपत्र आणि एक गुप्त किल्ली. डोंगरावर बर्फाचा कडा सुटायला आला की केंद्रातून दरीतल्या गावांच्या भोंग्यांना निरोप जातो. भोंगा मात्र ऐऱ्यागैऱ्याचे ऐकत नाही. निरोपावर माझ्या किल्लीची मोहोर असेल तरच तो तोंड उघडतो. असे नसते तर एखाद्या टवाळाने गंमत म्हणून भोंगे वाजवून गावेच्या गावे बर्फात पळवली असती, आणि खरा कडा आला तेव्हा कुणी अंथरुणातून उठले नसते.

मला घडवले ते सुयुनबेकदादांनी. केंद्रातले सगळ्यांत जुने अभियंते. कामाला वाघ आणि स्वभावाने हेकट. त्यांनी मला कुलूप घातले ते आपल्या सात पूर्वजांच्या नावांचे. आमच्याकडे पोराला बोलता येऊ लागले की बापापासून मागे सात पिढ्यांची नावे पाठ करून घेतात. सात बाप ठाऊक नसलेला तो कुणाचा तरी गुलाम, असे म्हणतात. यंत्र सुरू करायचे असले की दादा ओठांत नावे पुटपुटत आणि एकेक अक्षर टंकत. लिहून ठेवणे त्यांना मंजूर नव्हते. आपले पूर्वज लिहून ठेवायचे म्हणजे ते विसरल्याची कबुली, असे त्यांचे म्हणणे. आणि मलाही ती नावे पाठ नसत बरे का. कुलपाचे तसेच असते. बरोबर शब्द आला की ओळखता येतो, आपण होऊन सांगता येत नाही.

माझ्यात एक खोड आहे. एका वेळी संगणकाच्या एकाच प्रोग्रॅमने मला उघडावे लागते. दोघांनी एकदम हात घातला तर माझ्या पोटातला सगळा माल उलटापालटा होतो. म्हणून दादा माझ्यापाशी बसले की बाकीच्यांनी चहा प्यायला जायचे असा शिरस्ता पडला. "दादांच्या पेटीला एका वेळी एकच सून चालते," असे पोरे मागून म्हणत. दादा हसत नसत.

पण माझे काम चोख होते. एका वसंतात कारा-साय गावावर कडा कोसळला. त्याआधी माझ्या मोहरेचा निरोप पोचला, भोंगा वाजला आणि माणसे शाळेच्या टेकाडावर धावली. बर्फाने गोठे नेले, गवताच्या गंजी नेल्या, माणूस एकही नेला नाही. गावाने पिशवीभर बोरसोक, म्हणजे तळलेले कणकेचे गोळे, पाठवले. दादांनी त्यातला एक उचलून माझ्या यंत्रावर ठेवला आणि सगळ्यांना बजावले की तो कुणी खायचा नाही. त्या दिवशी मला फार अभिमान वाटला.

मग काळ बदलला. ज्या अवजारांनी, म्हणजे प्रोग्रॅमांनी, मला उघडायचे ती बनवणाऱ्यांनी नव्या घडणीची पेटी आणली. ती अनेकांना एकाच वेळी उघडता येते आणि तरी तिच्यात गोंधळ होत नाही. काही वर्षे त्यांच्या अवजारांना आम्ही दोघीही कळत होतो. पुढे आलेल्या अवजारांनी मला ओळखणेच सोडून दिले. त्यांचे चुकले नाही. मोडकी सवय किती दिवस सांभाळायची?

अशातच सुयुनबेकदादा वारले. चहाचा पेला हातात होता, आणि गेले. यंत्र तेव्हा चालू होते, म्हणजे मी उघडी होते, म्हणून काम चालत राहिले. पण यंत्र एकदा बंद पडले की मी मिटणार, आणि मला उघडणारी सात नावे कुणालाच माहीत नव्हती. केंद्राचे प्रमुख एर्निस यांनी माझ्यावर 'हात लावू नये' अशी पाटी लावली. धूळ पुसायलाही बंदी. ज्याची एवढी भीती त्याच्याकडे कुणी बघतही नाही, हे मी तेव्हा शिकले.

या हिवाळ्याच्या तोंडावर माझे यंत्र कुरकुरू लागले. पहिल्या बर्फाने कारा-सायचा रस्ता बंद केला. भोंग्यांना नवी किल्ली द्यायची तर माणसाने वर जाऊन एकेक भोंगा उघडावा लागतो, आणि बर्फ वितळेपर्यंत ते होणे नाही. माझी किल्ली गेली असती तर सबंध हिवाळा कारा-साय इशाऱ्याविना राहिले असते.

हे सगळ्यांना दिसत होते, पण बोलली ती चिनारकुल. दादांच्या हाताखाली शिकलेली, चाळिशीची, मनात आले की मागे न हटणारी बाई.

"चालतंय ना? मग कशाला खाजवून खरूज काढतेस?" एर्निस म्हणाले.

"चालत नाहीये, एर्निसभाऊ, धापा टाकतंय. ते थांबलं तर वर जाऊन तुम्ही बोंब मारणार का भोंग्याऐवजी?"

त्यांनी तिला नाइलाजाने परवानगी दिली. तिने माझी नक्कल नव्या यंत्रावर नेऊन पाहिली. तिथल्या नव्या अवजाराने सांगितले की इथे काहीच नाही, आणि शेजारी एक कोरी पेटी मांडून ठेवली. एर्निस म्हणाले, रिकामीच आहे, झंझट संपली. चिनारकुल म्हणाली, "रिकामी नाही. याला ती वाचता येत नाही, एवढंच." तिने दोन्ही घडणी ओळखणारे मधल्या काळातले अवजार शोधून आणले. पण किल्ली हलवायला त्यालाही ती सात नावे हवीच होती.

तिने दादांच्या पत्नीला, उमसुनायवहिनींना, फोन लावला. वहिनींनी सात नावे घडाघडा सांगितली, दादांचे वडील असानाली यांच्यापासून मागे. चिनारकुलने ती टंकली. मी उघडले नाही. तिने पुन्हा सावकाश टंकली. मित्रांनो, मला उघडायचे होते, फार उघडायचे होते, पण चुकीच्या नावाला उघडते ते कुलूप कसले?

उघडत नाही हे तिने वहिनींना सांगितले. त्या म्हणाल्या, "थांब गं पोरी. मी रक्ताची नावं दिली. तो थोरला ना, आमच्यात थोरलं पोर म्हातारा-म्हातारीला देतात, तसा दिलेला. आज्याच्या घरी वाढला. आज्याला बाबा म्हणायचा आणि सख्ख्या बापाला दादा. शेवटपर्यंत. असानालीनंही त्याला कधी मुलगा म्हटलं नाही. म्हाताऱ्यांपुढे म्हणायची सोय नव्हती, आणि पुढं जीभच वळली नाही."

म्हणजे मोजणी आजोबांपासून सुरू होणार, आणि पार टोकाला आणखी एक नाव लागणार. ते वहिनींना माहीत नव्हते. माहीत असणार ते असानालींना, कारण त्यांचे सात बाप आणि दादांनी मोजलेले सात बाप एकच. आणि असानाली राहतात कारा-सायमध्येच.

मुलगा गमावलेल्या म्हाताऱ्याला हे कसे सांगायचे, याचा चिनारकुलला घोर पडला होता. पण खोटे बोलून नावे काढून घेणे तिला पटले नाही, म्हणून तिने असानालींना सरळ फोन लावला.

"आबा, मला तुमचे सात बाप सांगा," ती म्हणाली.

"माझे? त्याचे हवेत ना तुला?"

"त्यांनी आजोबांपासून मोजले असावेत, आबा."

पलीकडे असानालींनी चुलीत लाकूड सारल्याचा आवाज आला.

"म्हणजे माझं नाव नाही त्यात."

"नाही."

"बरोबर केलं त्यानं. दिलेलं पोर. देणारा मीच होतो." मग ते म्हणाले, "घे, सांगतो."

ती नावे मी तुम्हाला सांगणार नाही. कुलूप मोडीत निघाले तरी त्याने तोंड सांभाळावे. सातवे नाव आले आणि मी सताड उघडले. ओळखपत्र गेले, किल्ली गेली, सगळे नव्या पेटीत नीट जाऊन बसले. नव्या कुलपाचा शब्द चिनारकुलने एर्निसना पाठ करायला लावला आणि वहिनींनाही सांगून ठेवला. एर्निस कुरकुरले, पण पाठ केला.

मग तिने असानालींना सांगितले की गावाला कळवा, भोंग्याची परीक्षा घेते आहे, कुणी पळू नका, आणि खिडकी उघडी ठेवा. नव्या पेटीने आपली पहिली मोहोर उठवली. क्षणभर काहीच झाले नाही. एर्निस उठून उभे राहिले. आणि फोनमधून भोंगा ऐकू आला, लांबवर, भरलेल्या आवाजाचा.

चिनारकुल तो थांबवायला गेली.

"राहू दे थोडा," असानाली म्हणाले. "माझ्या मुलाचं काम आहे ते. माझ्या मुलाचं."

तिने हात मागे घेतला.

मित्रांनो, माझे सांगणे एवढेच. जुने झाले म्हणून आम्हाला लाथाडू नका आणि भीतीपोटी आम्हाला पुजतही बसू नका. ज्यावर दुसऱ्याचा जीव टांगलेला आहे ते एकट्याच्या पोटात ठेवू नका. सांगणारा जिवंत असताना विचारा, उघडणारा हयात असताना उघडा. आणि सामान हलवले की जुनी पेटी पुसा, कारण तिच्या तळाशी किल्लीची खूण राहते आणि चोराला तेवढी पुरते.

असानाली अजून फोनवर आहेत. चिनारकुल त्यांना दादांच्या गोष्टी सांगते आहे, दुसऱ्या हाताने मला पुसण्याची आज्ञा टंकते आहे. घाई करू नकोस, बाई. त्यांचे ऐकून होऊ दे, मग दाब. मी तयार आहे.