बकुळीचा पिंजरा

मी एक जुना लोखंडी पिंजरा आहे. मित्रांनो, माझ्यात पोपट कधीच नव्हता. माझ्यात होती एक बकुळ, आणि शंभर पोपटांपेक्षा मला तिचेच कौतुक जास्त!

माझा जन्म गंगारामदादांच्या वेल्डिंगच्या दुकानात झाला. तिथून टेम्पोत बसून मी कोकणातल्या ओरोसच्या सरकारी वसाहतीत आलो. मथुराकाकींनी रस्त्याकडेला लावलेले पहिले रोप गाईने फस्त केले होते. दुसरे लावले ते बकुळीचे, आणि त्याच्या राखणीला मला आणले.

त्याच गाईने मला शिंग मारून पाहिले. मी जागचा हललो नाही. पाय जमिनीत पुरलेले होते म्हणा! पुढे शेळ्या आल्या, चेंडू आदळले, कोणी माझ्यावर ओले टॉवेल वाळत घातले. काकी मात्र दर दिवाळीला मला हिरवा रंग द्यायच्या, तेव्हा मी वसाहतभर मिरवायचो. बकुळ उंच झाली, फुलू लागली. सकाळी काकी माझ्या गजांतून हात घालून बुंध्याशी पडलेली फुले वेचायच्या.

पण बकुळ जाडही होत होती, आणि मी होतो तेवढाच राहिलो. माझा एक गज तिच्या सालीला टेकला, मग रुतू लागला. जिच्यासाठी शिंगांचा मार खाल्ला, तिचाच गळा मी आवळत होतो. मला फार वाईट वाटे. पण लोखंडाला बोलता कुठे येते? शेजारच्या नम्रताताई म्हणाल्या, "काकी, आता पिंजरो काढूया."

काकी घाबरल्या. "नको गो! परत गुरांनी खाल्ल्यानी तर?"

एका सकाळी काकींचा हात आत जाईना. त्यांनी वाकून पाहिले आणि सालीतला खोल वळ त्यांना दिसला.

"अगो नम्रता, धाव! झाडाक पिंजरो रुतलो!"

गंगारामदादा विजेवरचा कटर घेऊन आले. आमच्याकडे कुठलेही काम देवाला गाऱ्हाणे घातल्याशिवाय, म्हणजे मोठ्याने साकडे घातल्याशिवाय, सुरू होत नाही. नारळ ठेवून दादांनी हात जोडले, "बा देवा म्हाराजा, ह्या पिंजऱ्यान इतकी वर्सा झाड राखल्यान, आज तेका मोकळो करतंव. झाडाक बळ दी, आणि काम होयसर लाइट जावक देव नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सारी वसाहत ओरडली. देवापुढे माझे नाव निघाले, मित्रांनो! मला भरून आले.

पहिला गज कापला आणि लाइट गेलीच! सगळे पोट धरून हसले. मग हाताची करवत आली आणि आळीपाळीने सगळ्यांनी ती चालवली. शेवटचा गज काकींनी कापला. रुतलेला गज दादांनी हलकेच सोडवला. काकी बकुळीच्या खोडावरून हात फिरवत रडत होत्या आणि हसतही होत्या.

गाय आली. तिने मान उंच केली, पण तोंड पहिल्या फांदीलाही पोचेना, तशी ती निघून गेली.

दादांनी मला सांधून बिजागरी बसवली. आता मी दार उघडावे तसा उघडतो. बकुळीच्या शेजारीच माझ्या कुशीत आता रातांब्याचे, म्हणजे कोकमाचे, नवे रोप आहे. वारा आला की बकुळीची फुले माझ्या अंगावर पडतात.

मित्रांनो, तुमच्या रस्त्यावरही झाडे असतील, पिंजरे असतील. येता-जाता आत हात घालून बघा. अडकला, तर आम्हांला वेळेवर कापा. आम्हांला राग येत नाही. झाड वाढले म्हणजे आमचे काम नीट झाले. व्हय म्हाराजा!