एकच बॉक्स

नागेशने डिशच्या छत्रीचा नट आवळला आणि गच्चीवरून खाली ओरडला, "आता बगा मावशी, आलं का?"

"आलं. न्हाई, गेलं."

सकाळपासून मनकर्णाबाई टीव्हीसमोर बसून आलं-गेलं सांगत होत्या. मान अवघडली होती, घोटभर चहा घ्यावा म्हटलं तरी उठवत नव्हतं. अखेर चित्र एकदाचं स्थिर झालं आणि पूर्णेहून आलेला तो छत्रीवाला घाम पुसत खाली उतरला.

घराच्या मधोमध सात महिन्यांपूर्वी भिंत आली होती. अलीकडे थोरला बालाजी, पलीकडे धाकटा परमेश्वर. शेत वाटलं, बैल वाटले, भांडीकुंडी वाटली आणि शेवटी म्हातारा-म्हातारीही वाटून घेतली. आई मनकर्णाबाई थोरल्याकडे, वडील आबासाहेब धाकट्याकडे. यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. उलट, दोघा भावांवर भार कसा सारखा पडला म्हणून चार शहाण्यांनी मान डोलावली.

पलीकडच्या घराचं दार मागच्या गल्लीत उघडायचं. आबासाहेबांचे गुडघे गेलेले, त्यांचं उंबऱ्याबाहेर पडणं संपलंच होतं. मनकर्णाबाई आधी वळसा घालून जायच्या. पण तिकडे चहा घेतला की इकडची सून राजेश्री दोन दिवस अबोला धरायची, आणि तिकडची सून चहा देतानाच कप आदळायची. शेवटी त्या थकल्या. संक्रांतीपासून गेल्याच नव्हत्या.

परमेश्वरच्या बाजूला शेजाऱ्याची पाण्याची टाकी आडवी येत होती. म्हणून बालाजीच्या गच्चीवर दोघांत एकच छत्री बसवायची ठरली आणि तेवढ्यापुरता परमेश्वर आज या दारात उभा होता. आत मात्र आला नव्हता.

"हे बगा," नागेश म्हणाला, "दोन तऱ्हा हायत. एक, दोन बॉक्स घ्या. ज्याला जे पायजे ते त्यानं बगावं. दुसरी, बॉक्स एकच, अन् त्यातून वायर पलीकडं न्यायची. पन मंग इकडं जे लावलं तेच तिकडं दिसतंय. रिमोट बी एकच. ते घिऊ नका, लय भांडनं होतेत."

"दोन लाव," दोघे भाऊ एकदम म्हणाले. वाटणीनंतर त्यांचं एकमत झालेलं हे पहिलंच.

"एकच लाव, नागेश," मनकर्णाबाई म्हणाल्या.

"आई, तुला त्यातलं कळत न्हाई."

"अन् इकडच्यांनी लावलेलं आमी का म्हून बगावं?" परमेश्वर दारातूनच म्हणाला.

मनकर्णाबाईंनी पदराने तोंड पुसलं. आवाज चढवायचं बळ त्यांच्यात उरलं नव्हतं.

"वाटनी केली तवा मला कुनी इचारलं न्हाई. ह्यांला बी इचारलं न्हाई. मी काई बोलले का? तुमी ठिवलं तिथं ऱ्हायले. आता येवढं माझं ऐका. बॉक्स एकच लावा. रिमोट माझ्याजवळ ऱ्हाईल."

भावांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. बालाजी उगाच वायरचं वेटोळं सोडवत बसला.

"लाव मंग," परमेश्वर म्हणाला आणि वायर पलीकडे ओढून घ्यायला गल्लीच्या वाटेने निघाला.

दिवेलागणीला मनकर्णाबाईंनी टीव्ही लावला. इकडचा आवाज भिंतीपलीकडूनही येऊ लागला. आबासाहेबांना कुस्तीचं वेड. बटणं दाबून दाबून अंगठा दुखला, तेव्हा कुठे एका ठिकाणी कुस्ती सापडली. त्या भिंतीकडे कान देऊन बसल्या.

आबासाहेबांच्या तोंडून 'हो' हा शब्द त्यांनी जन्मात फारसा ऐकला नव्हता. पसंत पडलं की ते घसा खाकरायचे. बैल चांगला मिळाला की खाकरणं, भाजी जमली की खाकरणं. त्याच खाकरण्यावर मनकर्णाबाईंनी बेचाळीस वर्षं संसार केला होता.

पलीकडून काहीच आलं नाही. एक पैलवान चीत झाला, तरी नाही. झोपले असतील, की टीव्हीपुढे त्यांना कुणी बसूच दिलं नसेल? मनकर्णाबाईंना एकदम खूप एकटं वाटलं. एवढा खटाटोप करून काय मिळवलं, असं मनात येऊन त्या नुसत्याच बटण दाबत सुटल्या. बातम्या गेल्या, जाहिराती गेल्या, एक कीर्तन लागलं. कीर्तन त्यांच्या आवडीचं, पण ते लागलं की गुडघे धड होते तोवर आबासाहेब उठून पारावर जायचे. त्या पुढचं बटण दाबणार, तोच भिंतीपलीकडे कुणीतरी खाकरलं.

मनकर्णाबाई थांबल्या. थोड्या वेळाने पलीकडून पुन्हा एकदा खाकरणं आलं, जरा मोठ्याने.

भाकरी थापता थापता राजेश्रीने बाहेर डोकावून पाहिलं.

"आत्याबाई, मामंजींना तर कीर्तन आवडत न्हाई ना?"

"मुळीच न्हाई," मनकर्णाबाई म्हणाल्या आणि डोळ्यांना पदर लावून ऐकत बसल्या.