नाक न मुरडणारी सून

आखाजीचं, म्हणजे अक्षय्य तृतीयेचं, ऊन सकाळी नऊलाच डोक्यावर आलं होतं आणि वैजयंती उभ्या उभ्याच थकली होती. आदल्या दिवशी शाळेत इंग्रजीचे पेपर तपासले, घरी येऊन डाळ शिजवली, पुरण वाटलं, फ्रिजमध्ये ठेवलं. सकाळी कळलं, रात्रभर लाइट नव्हती. पुरण दिसायला तर ठीक होतं. वास घेऊन बघावा, तर निखाऱ्यावर पितरांच्या नावाचा घास, म्हणजे आगारी, दिल्याशिवाय चाखायचं नाही नि हुंगायचंही नाही. हुंगलं तरी पान उष्टं होतं. आणि हुंगून तरी ती काय दिवे लावणार होती? चार वर्षांपूर्वीच्या तापात तिला वास येणं बंद झालं, ते कायमचंच.

हे तिने घरात कुणालाच सांगितलं नव्हतं. आधी वाटलं, येईल परत. मग सासरे मोतीलालआप्पा अंथरुणाला खिळले आणि दोन वर्षं त्यांचं सगळं तिनेच केलं. येणारा-जाणारा म्हणे, सून असावी तर अशी, कधी नाक मुरडलं नाही! एवढं राबून पदरात पडलेलं तेवढंच एक कौतुक. ते आपल्या हाताने कोण घालवेल? आज आप्पा गेल्यानंतरची पहिलीच आखाजी होती.

"मम्मी, सुन ना," लेक रंजिताची अंघोळ व्हायची होती म्हणून ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेरूनच ओरडली. तिला कॉलेजात ‘स्मेल’ या इंग्रजी शब्दावर पाच मिनिटं बोलायचं होतं. ती मोबाइलवरून वाचू लागली. "वास घेणं, वास येणं, नि काहीतरी गडबड आहे अशी शंका येणं, सगळं एकाच शब्दात. और हा आला कुठून ते पक्कं कुणालाच माहीत नाही. आठेकशे वर्षांपासून सापडतो. शायद धुमसत जळण्याच्या शब्दाशी नातं असेल."

"मग तसंच सांग. माहीत नाही म्हणायला लाज कसली?"

"एक उदाहरण दे ना. तुला आत्ता कसला वास येतोय?"

"वेलची, जायफळ," पोळी लाटता लाटता वैजयंती म्हणाली. खोटं बोलायचाही तिला आता कंटाळा आला होता.

दुपारी सासूबाई रंभाबाईंनी निखाऱ्यावर तूप आणि पोळीचा तुकडा घालून नवऱ्याच्या नावाने हात जोडले. मग पानं वाढली. वैजयंतीचा नवरा दत्तात्रय पहिल्याच घासाला थांबला.

"आंबलंय हे! आप्पांना हे वाढलं? तुला वास नाही आला?"

रंभाबाईंचा चेहरा पडला. वैजयंतीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सगळं लाइटवर ढकलता आलं असतं, पण तेवढंही त्राण तिच्यात उरलं नव्हतं.

"नाही आला. चार वर्षं झाली, मला कसलाच वास येत नाही."

दत्तात्रय हसला. "म्हणून होय! म्हणून तुला आप्पांचं करणं जमलं. आम्ही आपलं उगाच गावभर कौतुक सांगत फिरलो."

आप्पांच्या पाठीवरच्या जखमा तिने रोज धुतल्या होत्या, मध्यरात्री चादरी बदलल्या होत्या. त्यातलं काही बोलून दाखवावं असं तिला वाटेना. ती ताटं उचलायला वाकली. रंभाबाईंनी तिचा हात धरून तिला खाली बसवलं आणि लेकाकडे पाहिलं.

"दत्तू, तुहं नाक तर चांगलं होतं ना? मंग दोन वरसात बापाच्या खोलीत किती बार गेला तू?"