तारेने बांधलेली बंदूक

आमच्या घरामागच्या शेडमध्ये सोफे तयार होतात. धाकट्या दिरांचा कारखाना. मी कापड ताणून स्टेपलरने पिना मारते आणि धाकटी जाऊ, म्हणजे त्यांचीच बायको, हवेवर चालणाऱ्या बंदुकीने लाकडी सांगाड्याला खिळे ठोकते. त्या बंदुकीचं नाक लाकडावर दाबल्याशिवाय खिळा सुटत नाही, तशी सोयच असते. पण दाबण्यात वेळ जातो म्हणून भावजींनी एके दिवशी ते नाक तारेने मागे ओढून बांधून टाकलं.

"भावजी, हे धोक्याचं आहे," मी म्हटलं.

"वहिनी, तुम्ही तुमच्या पिना मारा," ते हसत म्हणाले.

पुढच्याच आठवड्यात जाऊबाई फळी उलटवायला वाकल्या. बंदूक एका हातात, बोट घोड्यावर. फळी निसटली, बोट दाबलं गेलं आणि खिळा सरळ दुसऱ्या हाताच्या तळव्यात. भावजी खिळा उपटायला धावले. मी त्यांना ढकललं, हवेची नळी काढली, हात खिळ्यासकट टॉवेलात धरून जाऊबाईंना दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी विचारलं, "कसं झालं?"

"हिचं कामात लक्षच नसतं," भावजी म्हणाले.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "तिचं लक्ष होतं, डॉक्टर. बंदुकीचं नाक यांनी तारेने बांधलं होतं!" मी इतक्या मोठ्यांदा बोलले की बाहेरच्या बाकावरची माणसं डोकावली. भावजींचा चेहरा पडला. मला त्याचं काडीचंही वाईट वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तीच बंदूक माझ्यापुढे ठेवली. "ऑर्डर अडलीय, वहिनी. तेवढे सांगाडे करून टाका." तार जशीच्या तशी!

मी बंदुकीला हवा पुरवणारा कॉम्प्रेसर बंद केला आणि शेडच्या दारात खुर्ची टाकून बसले. "ही बंदूक भंगारात जाईपर्यंत इथे एक पिनसुद्धा लागणार नाही."

दुपारपर्यंत भावजी चिडले, मग विनवणीवर आले. शेवटी आम्ही दोघं दुकानात गेलो. दुकानदाराने दोन बंदुका दाखवल्या. पहिली, घोडा दाबून धरला की नाक टेकेल तिथे खिळा मारणारी. दुसरीत आधी नाक टेकवायचं, मग घोडा दाबायचा, एका दाबाला एकच खिळा.

"ही हळू चालते," भावजी कुरकुरले.

"चालू दे हळू," मी म्हटलं आणि तीच घेतली. सोबत डोळ्यांत काही उडू नये म्हणून चष्मेही घेतले.

जाऊबाईंची करंगळी आता पुरती वाकत नाही. वेणी घालताना त्या मला हाक मारतात, "ताई, जरा येता का?" भावजींनी त्यांची माफी मागितलेली मी अजून ऐकली नाही. उलट गिऱ्हाईक आलं की नवी बंदूक दाखवून सांगतात, "आमच्याकडे सुरक्षेत तडजोड नाही!"

मी मात्र गिऱ्हाईकासमोरच विचारते, "कधीपासून हो, भावजी?"