माझा एक इंच कमी आहे

आधीच सांगून टाकते मित्रांनो, मागून भांडण नको. शिंप्याच्या गळ्यात लोंबते ना, ती टेप मी. लय जुनी. अंगावर साठ इंच छापलेत, पण आहेत एकोणसाठ. पहिला इंच नाहीच. माझी सुरुवातच एकपासून होते.

तुटकी म्हणून मला दोनदा कचऱ्यात टाकलंय. दोन्ही वेळा बाहेर आले. तेव्हा कीव करायची नाही. ऐकायचं फक्त.

जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते आठवत नाही. बारा जणींच्या बंडलात साताऱ्याला आले, एवढंच. पोवई नाक्याच्या मागं एका गाळ्यात तात्यांचं टेलरिंगचं दुकान होतं. तात्यांनी मला गळ्यात घातलं आणि पुढची कितीतरी वर्षं मी तिथंच होते.

साताऱ्यात रिटायर्ड फौजी भरपूर. एक सुभेदार दर दिवाळीला सफारी शिवायला यायचे. पोट सुटलेलं, पण ऐट जुनीच.

"कंबर छत्तीस लिही, तात्या."

"टेप बेचाळीस म्हणतीया, साहेब."

"टेपला काय कळतंय? ती कधी बॉर्डरवर गेली व्हती का?"

"न्हाई गेली. पर बटण तुटलं की बोलणी मलाच खायची हायत."

आणि तात्या बेचाळीसच लिहायचे. सुभेदार फुगून बसायचे, पण पुढच्या दिवाळीला तिथंच यायचे.

तात्यांची अजून एक सवय होती, ती सांगायलाच पाहिजे. दुकानात ते कापड ठेवत नसत. शेजारचा कापडवाला मागं लागायचा, "तात्या, चार ठाण ठेवा की हितं. मापं घेता घेता खपतील." तात्या हसायचे. "नको गड्या. कापड माझं असलं की गिऱ्हाइकाची छाती फुगाय लागती. अडीच मीटरात बसणाऱ्या माणसाला तीन सांगावंसं वाटतं. माझा माझ्यावर तेवढा भरवसा न्हाई."

हे ऐकायला दुकानात त्यांची पोरगी असायची. चारुशीला. काज-बटणं करत बसलेली.

एक दिवस माझं टोक इस्त्रीखाली सापडलं. पितळी पट्टी गेली, पहिला इंच काळा झाला. तात्यांनी जळका भाग कात्रीनं कापला आणि मला डब्यात फेकलं. चारुशीलानं उचललं. "चालंल की तात्या. वजा एक करायचं." दहावीत होती तेव्हा.

पुढं ती फिजिओथेरपी शिकली. सर्टिफिकेट भिंतीवर लागलं, मी तिच्या बॅगेत गेले. लग्न होऊन सांगलीला आली आणि तिथं अपंगांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेत लागली. कामाचं नाव केस मॅनेजर. म्हणजे घरी जायचं, माणूस बघायचा, त्याला काय लागतं ते ठरवायचं. व्हीलचेअर, पायाला बांधायचे कॅलिपर, कुबड्या. मग ते मिळेपर्यंत मागं लागायचं.

आणि खरं सांगते, ती कामात सोनं होती. शाल काढायला लावायची. गादीवर माप घ्यायची नाही, खाली फळी घालायची. पाठ कुठं वाकते, खांदा कुठं पडतो, सगळं बघायची. मग मला लावायची आणि पुटपुटायची, वजा एक. किती जण तिच्यामुळं ताठ बसले. लोक तिच्या पाया पडायचे. मी बॅगेत फुगायचे.

मग सुमंतरावांनी दुकान काढलं. सुमंतराव म्हणजे चारुशीलाचा नवरा. दुकान कसलं? व्हीलचेअर, वॉकर, कुबड्या. उद्घाटनाला त्यांनी बायकोला कोरी करकरीत टेप दिली आणि मला दुसऱ्यांदा डब्यात टाकलं. चारुशीलानं पुन्हा काढलं. "तात्यांची आहे ती," म्हणाली. तेवढंच.

सुरुवातीला खरंच सोय होती. कुणाला काठी पाहिजे, दुकान जवळ, सुमंतराव घरपोच देतात. कोण कशाला बोलेल? पण हळूहळू काय झालं, बाई आधी दुकानात काय आहे ते आठवायला लागली आणि मग माणसाकडं बघायला लागली. तिला स्वतःला कळलं नसेल. मला कळलं. माझ्यावरचं बोट एखादा इंच पुढं सरकायला लागलं ना.

त्याच सुमाराला संस्थेत नवे नियम आले. माप घ्यायला शिकलेलाच माणूस जाईल, कागद दाखवून. चारुशीला खूश. पुढचा नियम: जो गरज ठरवतो, त्यानं किंवा त्याच्या घरच्यांनी ती वस्तू पुरवायची नाही. सोबत एक फॉर्म होता. तुमचा किंवा घरातल्या कुणाचा असा धंदा आहे का? होय की नाही, खूण करा.

तिचं तोंड उतरलं. "इतकी वर्षं राबले, आता माझ्यावर संशय?" फॉर्मची घडी घातली आणि बॅगेत कोंबली. माझ्याच कप्प्यात. चार महिने आम्ही दोघं शेजारी. मी विचारायचे, तुला कुणी भरत का नाही रे?

आणि मग त्रिशला.

सांगलीच्या पुढं, उसातून आत गेलं की तिचं गाव. वय वीस. जन्मापासून पायात ताकद नाही, पण हात असे की कणीक मळायला घेतली तर परात पळते. वडील जिनदत्त आण्णा, शेतकरी, घर जैनांचं. आम्ही पोचलो तेव्हा पाच वाजून गेलेले. दिवस मावळायच्या आत जेवायचं म्हणून ताटं मांडलेली.

"मॅडम, दोन घास खाऊन घ्या."

"आधी माप, आण्णा."

त्रिशलाला एकच गोष्ट पाहिजे होती. गावात वीरधवल नावाच्या माणसाचं ऑनलाइन सेंटर आहे. सातबारा, पॅन कार्ड, पीक विम्याचे फॉर्म. ही कॉम्प्युटर शिकलेली. वीरधवल म्हणाला होता, "एक तारखेपासून काउंटर तुझा. फकस्त तुझी तू आत येऊन बस. रोज उचलून आणायला माझ्याकडं माणूस न्हाई." म्हणून व्हीलचेअर.

चारुशीलानं फळी घातली, मला लावलं. "पंधरा. वजा एक. चौदा."

"वजा एक कशाला वो, मॅडम?"

"हिचा पहिला इंच गेलाय."

"आन् हे सगळ्यांना सांगता?"

"सांगावंच लागतं. नाहीतर माप चुकतं."

त्रिशलानं मान हलवली. पोरगी विसरत नाही काही.

अंगणात येऊन चारुशीलानं नवऱ्याला फोन लावला. सुमंतरावांचा आवाज मोठा, बॅगेत ऐकू येतो. "चौदाची न्हाई. मागवायला दीड महिना. अठराच्या तीन धूळ खात पडल्यात. अगं मोठी असलेली बरी, वाढत्या अंगाचं घ्यावं."

वाढत्या अंगाचं! शाळेचा ड्रेस आहे का तो? वीस वर्षांची पोरगी आता रुंदीनं वाढणार होती? शिंप्याची लेक ना ही. एका शब्दात झटकून टाकायला पाहिजे होतं. पण तिनं पेन काढलं आणि लिहिलं: अठरा.

मित्रांनो, तो आकडा माझा नाही. मी चौदा सांगितलं होतं. आजही चौदाच सांगते.

पुढचं मला नंतर त्रिशलाकडून कळलं. वाटपाचा कार्यक्रम झाला. बॅनर, हार, फोटो. फोटोत सगळे पाहुणे ताठ, ती एकटी डावीकडं कललेली. अठराची खुर्ची चाकासकट सव्वीस इंच होते. सेंटरचं दार चोवीस. वीरधवल दारात उभा राहून हसला, "चाकं काढून आत येतीस का?" पण माणूस वाईट नाही. म्हणाला, "पंधरा तारखेपतोर थांबतो. मग दुसरं कोणतरी बघावं लागंल मला."

आण्णांनी काय केलं? खुर्चीत दोन्ही बाजूंनी वाकळा कोंबल्या. "मिळालीया न्हवं? उगं मॅडमचं मन दुखवायचं न्हाई." आणि पोरगी त्या वाकळांत रुतून बसली. तिरकीच.

दहा तारखेला आम्ही परत गेलो. चारुशीलाच्या हातात कागद, वर लिहिलेलं: खुर्ची मिळाली, समाधानी आहे. खाली सहीची जागा.

"सही कर गं त्रिशला."

"करती की. आधी तुमची टेप द्या."

चारुशीला हसली आणि मला दिलं. त्रिशलानं दोन्ही वाकळा ओढून खाली टाकल्या. मला बैठकीवर आडवं लावलं. "एकोणीस. वजा एक, अठरा." मग स्वतःच्या मांड्यांवरनं. "पंधरा. वजा एक, चौदा. मॅडम, ही चार इंचांची जागा कुणाची हाय? मला भाडेकरू ठेवायचाय का?"

"त्रिशला, गप बस," आण्णा कळवळले. "मॅडम पाव्हण्या हायत."

"आण्णा, तुमी थांबा. मॅडम, खुर्चीच्या पावतीवर तुमचंच आडनाव हाय. ज्या दुकानातनं ही आली ते तुमच्याच घरचं ना?"

चारुशीलाचा चेहरा लाल. "माझ्यावर संशय घेतेस?"

"तुमच्यावर न्हाई. तुमी लय चांगल्या हाय. म्हणून तर इचारायला अवघड जातं आमाला." त्रिशलानं मला मांडीवर ठेवलं. "मापायला मला येतंय. पर पाठ कुठं वाकती, मागं काय झालंय, ते मला दिसत न्हाई. त्याला शिकलेलंच माणूस पायजे. पर विकणारं नको. दोन्ही एकच असलं की आमच्या बाजूनं कोण बघायचं?"

चारुशीला उठली. त्रिशलाला आत खाटेवर पालथं झोपवलं, आण्णांना बाहेर थांबवलं आणि पाठ बघितली. डाव्या कुल्ल्यावर रुपयाएवढा लाल डाग. अजून फुटला नव्हता. फुटायच्या बेतात होता.

आतापर्यंत तिनं अशी किती दुखणी वेळेत पकडली होती. हे तिनंच दिलेलं होतं.

ती खाटेच्या कडेला बसली. बॅग उघडली आणि चार महिन्यांची घडी उलगडली. होय की नाही. तिनं होय वर खूण केली. खाली लिहिलं: पती, दुकान त्यांचं. तारीख टाकली. मग तो समाधानी वाला कागद उभा फाडला.

"ही खुर्ची परत जाईल. तुझी केस आता माझ्याकडं राहणार नाही. राहायला नकोच. दुसरी येईल, शिकलेली." मग मला उचलून त्रिशलाच्या हातात ठेवलं. "माझे तात्या दुकानात कापड ठेवत नव्हते. का, ते मला लहानपणापासून माहीत होतं. ही ठेव तुझ्याकडं."

माझं विचाराल तर मी रडले नाही. टेप रडत नाही. पण तिनं मला पहिल्यांदा कचऱ्यातून काढलं होतं ना, तशीच वाटली ती मला त्या दिवशी.

सुमंतरावांनी म्हणे आठवडाभर अबोला धरला. धरू देत.

दुसऱ्याच दिवशी साताऱ्याहून संस्थेच्याच स्वानंदी मॅडम आल्या. डागावर औषध, बसायची पद्धत, गादी, सगळं नव्यानं. आणि चौदाची खुर्ची? चार दिवसांत. साताऱ्यातल्या एका दुकानात तयार उभी होती. दीड महिना लागत होता तो फक्त एकाच दुकानात.

चौदा तारखेला टेम्पोतून खुर्ची उतरली. स्वानंदी मॅडम आपली टेप काढायला लागल्या, तर त्रिशला म्हणाली, "थांबा. माझी हाय." मला बैठकीवर लावलं.

मॅडम वाकल्या. "पंधरा? अगं, मोठी आली की ही!"

"वजा एक. हिचा पहिला इंच न्हाई." मग मान वर करून, "आन् मॅडम, दुकान कुणाचं?"

स्वानंदी मॅडम आधी चपापल्या, मग मोठ्यानं हसल्या. पर्समधून आपला भरलेला फॉर्म काढून दाखवला. "माझं कुणी नाही बाई त्यात. वाच, सहीसकट वाच."

तिनं वाचला. खरंच पूर्ण वाचला. मगच बसली.

पंधरा तारखेला सकाळी सेंटरच्या दारात वीरधवल उभा. बावीस इंचांची खुर्ची, चोवीस इंचांचं दार. दोन्हीकडं एक-एक इंच. त्रिशला हात सांभाळून, चाकं फिरवत आत गेली. चौकटीला कुठं घासलं नाही. वळून म्हणाली, "चाकं लावूनच आली, वीरधवलदादा. चालंल न्हवं?"

"बस, बस. सातबाऱ्याला चार माणसं उभी हायत कवाची."

आता मी तिच्या खुर्चीच्या दांडीला बांधलेली असते. फॉर्म भरायला येणारे लोक बघतात. शिवणकाम करतीस का, म्हणून विचारतात. ती म्हणते, न्हाई, माणसं मापती.

मित्रांनो, तुमच्याही घरी, शेजारी, गल्लीत कुणाला तरी मापायला कधी माणूस येईल. पायाला, कानाला, पाठीला. त्याला चहा द्या, खुर्ची द्या, पण विचारा. शिकलास कुठं? आणि दुकान कुणाचं? चांगला माणूस रागावत नाही. रागावला तरी तुमचं काही बिघडत नाही. पाठ तुमची आहे.

मी तुटकी आहे. माझा एक इंच कमी आहे आणि तो मी तुम्हाला पहिल्या ओळीतच सांगितला. म्हणूनच माझा चौदा हा चौदाच आहे. ज्याला आपला गेलेला इंच सांगायची लाज वाटते, त्यानं माझ्याशी बोलावं. पण तोपर्यंत कुणाला मापायला जाऊ नये.